रुखमाबाईनं भुऱ्याला बाजार शिकवला

बाभूळगावाकडच्या त्या गावात भुऱ्याएवढी रीतभात जाणणारं दुसरं कुत्रं नव्हतं. तशी माणसंही फारशी नव्हती, पण ते राहू द्या. भुऱ्या डोमाजीचा. नाल्याच्या काठावर कुडकुडत पडलेलं पिल्लू डोमाजीनं घोंगडीत गुंडाळून घरी आणलं, तेव्हापासून तो त्याच्या सावलीसारखा मागे असे. रंग मातीत लोळल्यासारखा भुरा, एक कान उभा, एक कायमचा पडलेला.

डोमाजीकडे गावकी होती. दवंडी द्यायची, रात्रीची राखण करायची, साहेबाचं ओझं पुढच्या गावापर्यंत पोचवायचं, मेलेलं ढोर ओढायचं. मोबदला काय, तर पाळी आली की संध्याकाळी दारोदार उभं राहायचं आणि घरातली बाई वरून टाकेल ती भाकर पदरात घ्यायची. डोमाजी पायरीच्या खाली, जरा बाजूला उभा राही. "भाकर वाढा, माय," म्हणे आणि जमिनीकडे पाहत राही. भुऱ्या त्याच्या शेजारी, तितकाच बाजूला, तितकीच मान खाली घालून बसे. भुंकणं नाही, पुढं पुढं करणं नाही. मिळालेल्या भाकरीतला तुकडा डोमाजी त्याला मोडून देई, मग दोघं पुढच्या दाराला. गावातले लोक कौतुकानं म्हणत, "डोम्याचं कुत्रं पायरी ओळखते." डोमाजीला तेव्हा या बोलण्याचा अभिमान वाटे. पुढं तेच बोलणं त्याला टोचू लागलं, पण तोवर बरंच काही घडून गेलं होतं.

छप्पनच्या दसऱ्याला डोमाजी आणि त्याची बायको रुखमाबाई नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली. आल्यावर रुखमाबाईनं गावकीला जाताना डोमाजी खांद्यावर टाकी ती घोंगडी खुंटीवरून काढली, धुतली आणि अंथरायला घेतली. "आता ही खांद्यावर जात नसते," म्हणाली. गावकी सुटली. गावानंही मग आपला इंगा दाखवला. दुकानदार मीठ देईना, चक्कीवाला दळण घेईना, शेतावर मजुरीला कोणी बोलावीना. वर्षभर कळ काढली आणि पुढच्या कापसाच्या हंगामात नवराबायकोनं बिऱ्हाड यवतमाळला हलवलं. कापसातली सरकी काढणाऱ्या जिनात काम मिळालं. डोमाजीला गाठी ढकलायचं, रुखमाबाईला कापसातली कवडी वेचायचं, म्हणजे डागाळलेला, किडका कापूस निवडून बाजूला काढायचं. जिनाच्या मागच्या गल्लीत एक खोली मिळाली. भुऱ्या बिऱ्हाडाच्या गाडीमागं चालत आला.

आणि आल्या दिवशीच त्याची अक्कल गुंग झाली.

गावात मोठ्यात मोठा आवाज म्हणजे पोळ्याच्या ढोलाचा. इथं सायकलींच्या घंट्या, टांग्यांचे खडखडाट, सर्व्हिस मोटारीचा पोंगा, छोट्या रेल्वेगाडीची शिट्टी, हमालांची "हटो, हटो", आणि बाजाराच्या दिवशी कापसाच्या गाड्यांची अशी दाटी की बैलांच्या पायांखालून वाट काढावी लागे. या सगळ्यांचा बाप म्हणजे जिनाचा भोंगा. तो वाजला की खोलीच्या टिना थरथरत. भुऱ्या तर असा उडाला की जणू कोणी शेपटीला विस्तव लावला. पण पळून तो गेला कुठं? जे दार पहिलं उघडं दिसलं तिथं. पायरीच्या खाली, जरा बाजूला, मान घालून बसला. त्याच्या आयुष्यात दारात बसलं की कोणी मारत नव्हतं, वर भाकर मिळत होती. बिचाऱ्याला दुसरी सुरक्षित जागा ठाऊकच नव्हती.

म्हण आहे, भीक नको पण कुत्रं आवर. इथं उलटाच मामला होता. भीक सोडून आलेल्यांना कुत्रं आवरत नव्हतं.

एका सकाळी भोंग्याला घाबरून तो किराणावाल्याच्या दारात जाऊन बसला. किराणावाल्याची बायको लीलाबाई मनानं वाईट नव्हती. तिनं आतून शिळ्या भाकरीचा अर्धा कोर आणून वरूनच टाकला आणि ओट्यावर बसलेल्या शेजारणीला म्हणाली, "जिनातल्या नव्या लोकायचं आहे. सवय असते त्यायले दारात बसाची."

डोमाजी आणि रुखमाबाई दोघंही भुऱ्याला शोधत गल्लीच्या तोंडाशी आली होती. दोघांनीही ते ऐकलं. डोमाजीनं खाली पाहिलं. रुखमाबाई सरळ चालत गेली, भुऱ्याचं तोंड पोचायच्या आत तिनं भाकर उचलली, पदरानं माती झटकली आणि ओट्यावर नीट ठेवली.

"माय, आमच्या घरी भाकर आहे," ती म्हणाली. "हा भ्याला म्हून इथी बसला. मागाले नाही आला."

"अव, कुत्रंच तं आहे!" लीलाबाई गडबडून म्हणाली.

"हाव. पण आमचं आहे."

घरी आल्यावर तिनं निकाल सांगून टाकला. रुखमाबाई बोलायला लागली की मध्ये बोलायची सोय नसे, कारण ती फार थोडं बोले. "या घरातलं कोणी कोणाच्या दारात बसणार नाही. माणूस नाही अन् कुत्रंबी नाही."

"त्याले काय समजते व दीक्षा?" डोमाजी म्हणाला.

"त्याले नाही समजत. मले समजते." ती चुलीतली राख ओढत होती. "महिन्याभरानं श्रावण कापसाची गाडी घेऊन येईन. तवरोक शिकला तं राहीन. नाही शिकला तं रिकाम्या गाडीत बसवून देऊ. तिथी दारं त्याच्या ओळखीची आहेत."

श्रावण तिचा भाऊ, गावातल्या बापूजी पाटलाकडे सालानं होता.  गाव सुटलं त्याचं डोमाजीला वाईट वाटलं नव्हतं, पण भुऱ्या गेला तर आपलं इथं कोण, असं त्याला वाटून गेलं. बायको हातभर अंतरावर बसलेली असताना असं वाटणं बरं नव्हे. पण वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून रुखमाबाईची शाळा सुरू झाली.

आता कुत्रं शिकवणं म्हणजे काय, दोन काठ्या घातल्या की येतं वळणावर, असं म्हणणारे पुष्कळ असतात. त्यांची कुत्री काठी पाहून शहाणी होतात आणि काठी वळली की चावतात. रुखमाबाईनं काठी हातात घेतलीच नाही. तिनं भुऱ्याला बाजारातही नेलं नाही. पहाटेचं काम आटोपलं की ती त्याला घेऊन शहराबाहेरच्या मैदानाच्या पार पलीकडच्या टोकाला जाई, जिथून भोंगा लांबच्या माशीसारखा ऐकू येई. तिथं आजूबाजूला एकही दार नव्हतं. जुन्या लुगड्याचा एक तुकडा जमिनीवर अंथरी, भुऱ्याला त्यावर बसवी आणि शेजारी आपण फतकल मारी.

"हे तुह्यं," फडक्यावर हात मारून ती सांगे. "इथी कोणाची पायरी नाही."

भोंगा झाला की भुऱ्याचं अंग ताठे. मग ती त्याच्या छातीवर तळवा ठेवी. डोक्यावर नाही. डोमाजीनं विचारलं तेव्हा तिनं सांगितलं, "डोक्यावर हात ठेवला का तो अजून खाली वाकते. छातीवर ठेवला का मान वर येते." आणि माणसाशी बोलावं तशी ती त्याच्याशी बोले. "भोंगा आहे. जिनाचा आहे. लोकायले कामाले बोलावते. तुले नाही बोलावत." मग निवांतपणे त्याच्या अंगातली कुसळं वेचत बसे, जणू जगात घाईचं काही नव्हतंच. उभा कान पुन्हा सैल पडेपर्यंत ती उठत नसे. उद्या भोंग्याच्या थोडं जवळ, परवा आणखी थोडं. एखाद्या दिवशी तो दचकून उठला तर रागावणं नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा मागं जाऊन बसायचं.

भाकरीचा नेम तर फारच कडक. उघड्यावर, तिच्याच हातातून, आणि मान वर केली तरच. गावात मान खाली घालण्याची भाकर मिळत होती. इथं भुऱ्या मान घालून बसला की भाकर हातातच राही. तो बापडा गोंधळून जाई, आणखी मान घाली, आणखी बाजूला सरके. डोमाजीला ते पाहवेना. "दे व एखादा तुकडा, मरून जाईन तो," असं तो काकुळतीला येऊन म्हणे. रुखमाबाई भाकर तशीच धरून राही. मग केव्हातरी भुऱ्या कंटाळून वर पाही, भाकर मिळते की नाही म्हणून थेट तिच्या डोळ्यांत पाही, आणि त्याच क्षणी तुकडा त्याच्या तोंडात असे. पहिल्यांदा हे झालं तेव्हा कुत्र्यानं तिच्याकडे असं पाहिलं, की हिचं डोकं फिरलंय काय.

गल्लीतल्या बायांना करमणूक झाली. शेजारची कांताबाई मोरीवर भांडी घासता घासता म्हणाली, "रुखमाबाई, कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच राह्यते व."

"शेपूट राहू दे वाकडं," रुखमाबाई म्हणाली. "मले त्याची मान सरळ पाह्यजे."

डोमाजी हे सगळं लांबून पाही. पंधरा-वीस वर्षं जिच्याबरोबर संसार केला ती बाई आपल्याला पुरती माहीत आहे अशी त्याची समजूत होती. आता तो भुऱ्याला सोडून तिच्याकडेच पाहत राही. एका सकाळी ती टांग्याच्या अड्ड्यावर फडकं अंथरून बसली होती, घोडे फुरफुरत होते, टांगेवाले एकमेकांच्या आयमाय काढत होते, आणि ही घरच्या अंगणात बसल्यासारखी कुत्र्याला समजावत होती, "घोडा आहे. त्याच्या गळ्यातले घुंगरू आहेत. वाजू दे." तिला स्वतःला भीती वाटत नव्हती असं नाही. शहर तिलाही नवं होतं, आणि मोटार जवळून गेली की तिच्याही पापण्या मिटत. पण भुऱ्याच्या छातीवरचा हात ढळत नव्हता. डोमाजीला वाटलं, ही बाई शिकली असती तर मास्तरीण झाली असती. मग वाटलं, मास्तरणींना तरी हे कुठं येतं?

दोन आठवड्यांत सकाळचा भुऱ्या ओळखू येईना. भोंगा वाजला की एक कान हलवी आणि पुन्हा पंजे चाटू लागे. सायकली त्याच्या शेपटीला घासून गेल्या तरी उठत नसे. बाजाराच्या दिवशी तिनं त्याला गाड्यांच्या रांगेतून आरपार नेलं, बैलांच्या शेपट्या तोंडावर आल्या तरी तो तिच्या पायाला पाय लावून चालला. कांताबाईनं भांडं खाली ठेवून पाहिलं.

पण संध्याकाळ झाली की सगळं मुसळ केरात. जिनातून सुटल्यावर डोमाजी भुऱ्याला घेऊन बाजारातून चक्कर मारी. तो परत आला की भुऱ्या पुन्हा जुना. मान खाली, आणि गल्लीत कोणाचं भांडं पडलं तरी जवळच्या पायरीकडे धाव.

"सकाळी शिकवलेलं सांजच्याला पुसते कोण?" रुखमाबाई स्वतःशीच म्हणे. तिनं भुऱ्याचे पाय पाहिले, कान पाहिले, कुठं मार बसला काय ते चाचपून पाहिलं.  डोमाजीला खरोखरच काही ठाऊक नव्हतं. माणसाला स्वतःची पाठ दिसत नाही, त्यातलाच प्रकार.

श्रावणची गाडी दोन दिवसांवर आली. त्या संध्याकाळी डोमाजी रोजच्यासारखा देवीलालच्या हॉटेलाशी आला. देवीलालचं हॉटेल जिनाच्या फाटकासमोर. दोन बाक, एक भट्टी, एक कळकट पडदा, आणि दिवसभर हमालांची गर्दी. देवीलालला कोणाच्या जातीशी देणंघेणं नव्हतं. पहिल्या दिवशीच त्यानं डोमाजीला आतून हाक मारली होती, "अरे अंदर आव ना भाई, बाहेर काहून उभा?" डोमाजी म्हणाला होता, "नाही, इथीच बरं आहे." गावच्या हॉटेलात त्याच्यासाठी फुटक्या कानाचा कप बाहेरच्या कोनाड्यात ठेवलेला असे. इथं कोनाडा नव्हता, म्हणून डोमाजी घरून जर्मनचा एक छोटा गिलास खिशात घालून आणी. पायरीच्या खाली, जरा बाजूला उभा राहून गिलास पुढं करी. देवीलाल आधी हसला, मग कंटाळला, मग वरून चहा ओतू लागला.

डोमाजीनं गिलास ओठाला लावला आणि त्याचं लक्ष रस्त्यापलीकडे गेलं. तिथं रुखमाबाई उभी होती. जिनातल्या यंत्राचा पट्टा तुटला म्हणून बायांना लवकर सोडलं होतं. ती किती वेळची तिथं उभी होती कोण जाणे. ती रागानं पाहत नव्हती, आणि तेच डोमाजीला जास्त लागलं. ती एकदा त्याच्याकडे पाही, एकदा त्याच्या शेजारी खाली.

डोमाजीनंही खाली पाहिलं. शेजारी भुऱ्या बसला होता. पायरीपासून जरा बाजूला, मान घातलेली, नजर जमिनीवर. डोमाजीची मानही अशीच होती, हे त्याला त्या वेळी पहिल्यांदा कळलं. 

घरी रुखमाबाई भाकरी थापत होती. पहिली भाकर तिनं तव्यावर टाकली.

"सकाळी मी शिकवतो, सांजी तुम्ही शिकवता," मग ती म्हणाली. "त्यानं कोणाचं आयकाव?"

"देवीलाल कधी नाही म्हणत नाही व. तो तं आत बोलावते." डोमाजी भिंतीला टेकला. "माह्याच पाय उचलत नाही. म्या लय खेप ठरवलं. पायरीपाशी गेलो का पाय बाजूलेच जाते."

"भुऱ्याचाबी असाच जाते."

 डोमाजीला वाटलं होतं ती भडकेल, दीक्षेची शपथ घालेल, नागपूरच्या मैदानाची आठवण देईल. तिनं त्याला भाकर वाढली, मीठमिरची वाढली. "कापसातली पत्ती जोरानं ओढली का तुटते, अन् आतच राह्यते," ती म्हणाली. "हळूहळू काढा लागते, मले समजते. पण श्रावण परवा येऊन राह्यला."

दुसऱ्या दिवशी डोमाजी हॉटेलाशी गेला. गिलास खिशातच ठेवला. एक पाय पायरीवर ठेवला. आतले सगळे आपल्याकडेच पाहत आहेत असं त्याला वाटलं. आतले सगळे आपापल्या बशीत फुंकर मारत होते. तरी त्यानं पाय काढून घेतला आणि चहा न पिताच घरी आला. गाठी ढकलताना दोन माणसांचं बळ असणारा हा गडी, आणि एक वीतभर उंचीची पायरी त्याला चढवेना. हसू नका. ज्याच्या बापानं आणि आज्यानं जन्मभर पायरीखाली उभं राहून काढलं, त्यालाच ती पायरी किती उंच असते ते ठाऊक.

श्रावणची गाडी बाजाराच्या दिवशीच आली. त्यात बापूजी पाटलाचा कापूस होता, आणि बापूजी स्वतः मोटारीनं पुढं आले होते. दुपारच्या सुट्टीत श्रावण जिनाच्या फाटकाशी आला. "भाटवे, जय भीम," तो मेहुण्याला म्हणाला आणि बहिणीकडे वळला. "बाई, गाडी खाली झाली. कुत्रं ने म्हणून निरोप धाडला होता ना तू?"

"थांब जरा," रुखमाबाई म्हणाली. तिनं रस्त्याच्या कडेला, गाड्यांच्या दाटीत, फडकं अंथरलं. भुऱ्या त्यावर बसला. मग ती डोमाजीकडे वळली. "तुम्ही चहा प्यायले जा. मी इथी आहो. तो तुमच्याकडे पाहून काय करते ते आज समजून जाऊ दे."

डोमाजी रस्ता ओलांडून गेला. हॉटेलात गर्दी होती, आणि दाराकडे तोंड करून बाकावर कोण बसलं होतं, तर बापूजी पाटील. गुडघ्यावर दुपट्टा, हातात बशी. दैव कधी कधी माणसाची परीक्षा घेतं ती अगदी आवाक्याबाहेरचा पेपर काढून.

"काय रे डोमा!" बापूजींनी आतूनच आवाज दिला. आवाजात राग नव्हता, लोभही नव्हता. जुन्या सवयीचा आवाज होता. "इकडं ये. उभा राह्य, बोलाचं आहे तुह्यासंग."

आणि डोमाजीचा पाय बाजूला गेला. पायरीच्या खाली, जरा बाजूला. मान आपोआप उतरू लागली, हात जोडले जाऊ लागले. उतरत्या मानेनंच त्यानं तिरकं रस्त्यापलीकडे पाहिलं.

नेमका त्याच वेळी भोंगा झाला. भुऱ्याचा कान हलला, इतकंच. भोंग्याला तो आता घाबरत नव्हता. पण त्याचे डोळे डोमाजीवर होते. डोमाजी बाजूला सरकला तसा तो फडक्यावर उभा राहिला. डोमाजीची मान खाली गेली तशी त्याचीही मान खाली गेली. एक पंजा फडक्याबाहेर पडला. रुखमाबाईनं त्याला धरलं नाही, हाकही मारली नाही. ती नवऱ्याकडे पाहत होती. महिनाभराच्या सकाळी, टांग्याचा अड्डा, मैदान, सगळं त्या एका पंजाशी येऊन अडलं होतं, आणि ते आता तिच्या हातात नव्हतं.

डोमाजीनं मान वर केली. कशी केली ते त्याचं त्याला ठाऊक. मानेची हाडं गंजल्यासारखी वाटत होती. त्यानं पायरीवर पाय ठेवला, दुसरा पाय ठेवला, आणि आत जाऊन बाकावर बापूजींच्या शेजारी बसला.

"जय भीम, बापूजी," तो म्हणाला. "बोला, काय म्हणता?"

बापूजींची बशी ओठापाशीच थांबली. त्यांनी दुपट्ट्याचं टोक आपल्याकडे ओढून घेतलं. जागा करून दिली की विटाळ चुकवला, ते डोमाजीनं तेव्हाही विचारलं नाही आणि पुढंही नाही. भट्टीपाशी देवीलालनं एकदा वळून पाहिलं.

"चाय?"

"दे," डोमाजी म्हणाला. "कपबशीत दे."

कप आला. बापूजी घसा खाकरून बोलू लागले. गावात राखणीला माणूस मिळत नाही, रात्री कापूस चोरीला जातो, झालं गेलं विसरून परत यावं, धान्य ठरवून देऊ, असं काहीबाही. डोमाजी ऐकत होता आणि ऐकत नव्हता. त्याचं सगळं लक्ष दाराकडे. पण नेमके पाच-सहा हमाल येऊन दारात उभे राहिले आणि रस्ता दिसेनासा झाला. तो कान देऊन बसला. आता पायरीशी नखांचा आवाज येईल, आता शेपूट जमिनीवर आपटेल. चहा इतका कढत होता की जीभ पोळली, तरी त्यानं बशीत ओतला नाही, कपानंच प्यायला.

"मंग येतं का?" बापूजींनी विचारलं.

"नाही, बापूजी," डोमाजी म्हणाला. "गावकी आता होत नाही माह्याच्यानं."

हमाल बाकावर बसले आणि दार मोकळं झालं. पायरीशी कोणी नव्हतं.  पायरीशी नाही, म्हणजे गेला कुठं? गाड्यांखाली घुसला की काय? अर्धा कप बाकावर ठेवून तो उठला आणि दारात आला.

भुऱ्या फडक्यावर बसला होता. त्याच्या दोन्ही बाजूंनी गाड्या चालल्या होत्या, एक बैल त्याच्या डोक्यावरून पलीकडचा कडबा ओढत होता, सायकलवाला घंटी वाजवून थकला होता. भुऱ्याची मान वर होती. तो एका टांग्याकडे पाहत होता, मग त्याला एक कोंबडी दिसली, मग तो तिच्याकडे पाहू लागला. आयुष्यभर ज्याच्या हाताकडे डोळे लावून बसला, त्या मालकाकडे, मालकाच्या दाराकडे त्यानं ढुंकून पाहिलं नाही. डोमाजीला थोडं लागलं, खोटं कशाला बोला. आणि त्याहून कितीतरी जास्त त्याचा ऊर भरून आला.

रुखमाबाईचा हात भुऱ्याच्या छातीवर नव्हता. दोन्ही हातांनी तिनं पदर तोंडावर धरला होता आणि तिचे खांदे हलत होते. गाव सुटताना ही बाई रडली नव्हती. दुकानदारानं मीठ दिलं नाही तेव्हा अळणी भाजी हसत हसत खाल्ली होती. आता भर बाजारात, शेकडो माणसांच्या देखत, ती मुकाट रडत होती आणि कोण पाहतं याची तिला पर्वा नव्हती.

श्रावण कासरा हातात घेऊन बावचळून उभा होता. "बाई, काय झालं व? सांग ना, कुत्रं गाडीत टाकू का नको?"

 डोमाजीनं देवीलालच्या पायरीवरूनच आवाज दिला, आणि दवंडी देऊन देऊन कमावलेला त्याचा आवाज बाजाराच्या सगळ्या कल्लोळावरून पलीकडे पोचला.

"श्रावण, गाडी रिकामीच ने!"

मग तो वळून परत आत गेला. त्याचा अर्धा कप चहा बाकावर राहिला होता.